मास्टोडॉन, ब्लूस्काय, सिग्नल: कुणाचं काम कोणतं

२९ जून २०२० च्या रात्री केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि त्यात टिकटॉक गेलं. बीड, परभणी, हिंगोलीकडच्या खेड्यांत बैलगाडीपुढं, विहिरीच्या काठावर, एसटी स्टँडच्या बाकड्यावर व्हिडिओ करणारी पोरं-पोरी तोवर गावोगाव दिसायला लागली होती. बंदी बरोबर की चूक, हा वाद इथं नको. मुद्दा एवढाच की त्यातल्या एकालाही आपले फॉलोअर उचलून दुसरीकडं नेता आले नाहीत. फोनमध्ये ठेवलेले व्हिडिओ वाचले, पण ते बघणारी माणसं ॲपबरोबर गेली. ज्यांनी पुढं इन्स्टाग्रामवर पुन्हा नाव कमावलं, त्यांना पहिल्या फॉलोअरपासून सुरुवात करावी लागली.

असं व्हायला सरकारचाच हात लागतो असंही नाही. ऑर्कुट गूगलनं ३० सप्टेंबर २०१४ ला स्वतःच बंद केलं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. ‘कू’ तर भारतीय भाषांसाठीच निघालेलं बंगळुरूचं ॲप. ट्विटरला (आताच्या एक्सला) देशी पर्याय म्हणून मंत्र्यांनीही त्यावर अकाउंट उघडली होती. पैशाचं गणित जमेना, विकत घेणारा कुणी मिळेना, आणि जुलै २०२४ मध्ये तेही मिटलं. परदेशी असो की देशी, एका कंपनीच्या ॲपवर जमवलेला गोतावळा त्या कंपनीच्या आयुष्याएवढाच टिकतो.

त्यामुळं ‘एक्स सोडा, मास्टोडॉनवर या’, ‘व्हॉट्सॲप काढून टाका, सिग्नल घ्या’ असे सल्ले अधूनमधून फिरत असतात. मास्टोडॉन हे ट्विटरसारखं, सिग्नल हे व्हॉट्सॲपसारखं. सल्ला देणारा बहुतेक वेळा ही सगळी नावं एकाच गाठोड्यात बांधतो आणि गाठोड्यावर लिहितो, ‘सुरक्षित’. ऐकणारा ॲप टाकतो, चार दिवसांत कंटाळतो आणि काढून टाकतो. गडबड त्या गाठोड्यातच आहे. यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. तुमचं अकाउंट आणि तुमची माणसं कुणाच्या ताब्यात आहेत, हा एक. तुम्ही काय बोलता आणि कुणाशी बोलता हे कुणाला दिसतं, हा दुसरा. पहिल्याला विकेंद्रित, म्हणजे एका मालकाच्या मुठीत नसलेलं, नेटवर्क उत्तर देतं, दुसऱ्याला खासगीपणा जपणारं ॲप. मास्टोडॉन पहिल्या पेपरात चांगल्या मार्कांनी पास आहे आणि दुसऱ्यात काठावर. सिग्नलचं बरोबर उलटं.

आधी ताब्याचा प्रश्न

परभणीतल्या जिओवाल्यानं लातूरच्या बीएसएनएलवाल्याला फोन लावला तर लागतो. कंपन्या वेगळ्या आहेत, एकमेकींच्या स्पर्धक आहेत, तरी लागतो, कारण एकमेकींचे कॉल घ्यायचे हे ठरलेलं आहे. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनीही बदलता येते. आता अशी कल्पना करा की जिओवरून फक्त जिओलाच फोन लागतो. मग तुमचा मामा, मोंढ्यातला अडत्या आणि लेकराच्या शाळेतले सर ज्या कंपनीत, तीच तुम्हाला घ्यावी लागेल. दर वाढवले, रेंज गेली, तरी तिथंच राहावं लागेल. सोशल मीडियावर आपण सगळे अशाच सिमवर आहोत. इन्स्टाग्रामवर बसून एक्सवरच्या माणसाला फॉलो करता येत नाही. ते करणं अवघड आहे म्हणून नव्हे, कंपनीला नको आहे म्हणून.

नको आहे म्हणजे किती नको आहे, ते डिसेंबर २०२२ मध्ये दिसलं. इलॉन मस्क यांनी २७ ऑक्टोबर २०२२ ला ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं आणि माणसं मास्टोडॉनकडं निघाली. तेव्हा ट्विटरनं मास्टोडॉनचं अधिकृत अकाउंट बंद केलं, मास्टोडॉनच्या लिंक टाकायला अडवलं. फेसबुक, इन्स्टाग्रामचा पत्ता देण्यावरही बंदीचा नियम जाहीर केला आणि आरडाओरडा झाल्यावर तो लगेच मागं घेतला. ‘मी आता इकडं भेटेन’ एवढं सांगणंही गुन्हा ठरलं होतं, काही दिवस का होईना.

विकेंद्रित नेटवर्कची कल्पना इंटरनेटला नवी नाही. ईमेल पहिल्या दिवसापासून तसाच आहे. याहूवरून जीमेलला मेल जातो, विद्यापीठाच्या सर्व्हरवरून बँकेच्या सर्व्हरला जातो, आणि ‘ईमेल कंपनी’ नावाचं कुणी मालक नाही. हीच पद्धत पोस्ट, फोटो, फॉलो आणि लाइकला लावायची, असं काही मंडळींनी ठरवलं. त्यातून सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायचे नियम तयार झाले. त्यांचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये त्यांना मान्यता दिली. हे नियम पाळणाऱ्या सगळ्या सर्व्हरांच्या जाळ्याला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात. त्यात ट्विटरसारखं चालतं ते मास्टोडॉन, फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओसाठी पीअरट्यूब.

मास्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणानं सुरू केलं. सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. कुणीही ते घेऊन आपल्या सर्व्हरवर चढवावं. समजा, अंबाजोगाईतल्या चार-पाच साहित्यवेड्यांनी आपला सर्व्हर काढला आणि नांदेडच्या एखाद्या शेतीवाल्या मंडळींनी त्यांचा. अंबाजोगाईच्या सर्व्हरवरच्या बाईचा पत्ता ईमेलसारखाच दोन तुकड्यांचा असेल, आधी तिचं नाव, मग सर्व्हरचं. नांदेडचा माणूस स्वतःच्याच सर्व्हरवर राहून तिला फॉलो करतो. तिनं ओवी टाकली की तिचा सर्व्हर तिची एक प्रत नांदेडला धाडतो. बर्लिनमध्ये कुणी तिला फॉलो करत असेल तर तिकडंही. नांदेडवाल्यानं खाली प्रतिक्रिया लिहिली की ती उलट वाटेनं अंबाजोगाईला येते. मध्ये कुठलीही कंपनी नाही, जाहिरात नाही, आणि ‘तुम्हाला हे आवडेल’ म्हणून भलतंच पुढ्यात टाकणारा हिशेबही नाही. ज्यांना फॉलो केलंय त्यांच्या पोस्ट आल्या त्या क्रमानं दिसतात, नवी वर, जुनी खाली.

हा प्रत जाण्याचा भाग नीट लक्षात ठेवा, कारण फायदा आणि तोटा दोन्ही तिथूनच निघतात.

फायदा असा की कुण्या एकाला बटण दाबून सगळं बंद करता येत नाही. अंबाजोगाईच्या सर्व्हरचे नियम तुम्हाला पटेनात, तर अकाउंट नांदेडला हलवता येतं आणि तुमचे फॉलोअर तुमच्या मागं आपोआप येतात. टिकटॉकच्या पोरांना जे मिळालं नाही ते हेच. पण जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत, त्या जुन्या सर्व्हरवरच राहतात. आणि हलायला जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो. सर्व्हर चालवणारा बहुतेक वेळा हौशी माणूस असतो. नोकरी सांभाळून, वर्गणी गोळा करून, रात्री जागून चालवणारा. थकला की बंद करतो. इंग्रजीतला मास्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी हा बऱ्यापैकी मोठा सर्व्हर २०२२ मध्ये असाच बंद झाला. शहाण्या माणसानं आधी कळवून, मुदत देऊन बंद केला, म्हणून लोकांना हलता आलं. न सांगता गेला असता तर तुमच्याही हाती टिकटॉकच उरलं असतं.

तोटा असा की पोस्ट एकदा पन्नास सर्व्हरांवर गेली की ती खोडणं तुमच्या हातात पुरतं राहत नाही. तुम्ही डिलीट दाबलं की तुमचा सर्व्हर बाकीच्यांना ‘काढून टाका’ असा निरोप पाठवतो. बहुतेक काढतात. एखाद्यानं नाही काढली तर तुम्ही काही करू शकत नाही.

शिवीगाळ, द्वेष, खोट्या बातम्यांचं काय? एक मालक नाही म्हटल्यावर हा प्रश्न पहिला येतो, आणि यायलाच हवा. मास्टोडॉनवर प्रत्येक सर्व्हरचा ॲडमिन आपापले नियम करतो आणि दुसऱ्या अख्ख्या सर्व्हरशी संबंधही तोडू शकतो. अमेरिकेतलं गॅब हे अतिउजव्यांचं नेटवर्क जुलै २०१९ मध्ये मास्टोडॉनचं सॉफ्टवेअर घेऊन आलं. त्यांना ते वापरण्यापासून कुणी अडवू शकत नव्हतं, सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलंच होतं. पण बहुतेक सर्व्हरांनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं आणि गॅब आपल्या कोपऱ्यात एकटं पडलं. आपल्याकडं भावकीत वाळीत टाकतात त्याची आठवण होईल, आणि ती वाईट अर्थानंही व्हावी. कारण दोन ॲडमिनचं भांडण झालं तर मधल्या मध्ये तुमचे मित्र तुम्हाला दिसेनासे होतात, आणि का, ते कुणी सांगत नाही. काही बारक्या सर्व्हरांवर तर बघायलाच कुणी नसतं, आणि नको ते तिथं साठतं.

भारतातली मंडळी मोठ्या संख्येनं मास्टोडॉनवर गेली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद झालं तेव्हा. नाझी सलामाला नकार देऊन हात बांधून उभ्या असलेल्या एका जर्मन माणसाचा प्रसिद्ध फोटो त्यांनी लावला होता, ते निमित्त. आठवडाभर गलका झाला, मग बरेच जण परतले. २०२२ मध्ये जगभर तेच झालं. महिन्याला वापरणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्या आसपास होती, ती पंचवीस लाखांवर गेली आणि नंतर बरीच उतरली. कारण सोपं आहे. आपली माणसं तिथं नाहीत. मराठी तर फारच तुरळक. पोस्ट लिहिताना भाषा मराठी निवडता येते, मराठी हॅशटॅग फॉलो करता येतो, पण सोयाबीनचा आजचा भाव काय म्हणून तिथं विचाराल तर उत्तर येणार नाही. हे झाकून कुणी तुम्हाला मास्टोडॉन सुचवत असेल तर तो सॉफ्टवेअरच्या प्रेमात आहे, तुमच्या नाही.

आणि एखाद्यानं खरंच मराठवाड्यात सर्व्हर काढायचं ठरवलं तर? तंत्र शिकता येतं, यूट्यूब आहे. अडचण पुढं येते. आयटी कायद्याच्या नजरेत तो ‘मध्यस्थ’, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर आपल्याकडं ठेवणारा, ठरतो. २०२१ च्या नियमांनी ५० लाखांपेक्षा जास्त वापरकर्ते असलेल्यांवर जादा बंधनं घातली, पण तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणं, आदेश आला की मजकूर काढणं या गोष्टी लहानांनाही आहेत. हौसेनं चालवणाऱ्याच्या दारात उद्या नोटीस येऊ शकते. काढूच नये असं मी म्हणत नाही. दोघा-तिघांनी मिळून काढावा, नियम मराठीत लिहून दाराशीच लावावेत आणि सदस्य आपल्याला बघता येतील एवढेच घ्यावेत.

ब्लूस्काय आणि बाकीचे

ब्लूस्काय हेही ट्विटरसारखंच, आणि ते ट्विटरच्याच पोटातून निघालं. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी २०१९ मध्ये त्याची घोषणा केली, पुढं ती वेगळी कंपनी झाली, जे ग्रेबर तिच्या प्रमुख झाल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निमंत्रणाशिवाय सगळ्यांना दार उघडलं. ऑगस्ट २०२४ अखेर ब्राझीलमध्ये न्यायालयाच्या आदेशानं एक्स बंद झालं तेव्हा तिथले लोक लाखोंनी ब्लूस्कायवर आले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या निवडणुकीनंतर एकूण अकाउंट दोन कोटींवर गेली. मास्टोडॉनपेक्षा ते वापरायला सोपं आहे. सर्व्हर निवडा वगैरे भानगड सुरुवातीलाच समोर येत नाही.

त्याची रचनाही वेगळी आहे. मास्टोडॉनमध्ये सर्व्हर म्हणजे पूर्ण घर, अकाउंट, नियम, शेजारी सगळं तिथंच. ब्लूस्कायनं हे तुकडे सुटे केले. तुमच्या पोस्ट एका ठिकाणी राहतात, कोणत्या पोस्ट कोणत्या क्रमानं दाखवायच्या ती फीड दुसरा कुणी बनवू शकतो, नको त्या मजकुरावर खूण करणारा तिसराच असू शकतो. तुमची स्वतःची वेबसाइट असेल तर तिचं नावच तुमचा ब्लूस्कायवरचा पत्ता होऊ शकतं, वेगळी निळी टिकली विकत घ्यायला नको. आणि इथून हलताना पोस्टही बरोबर नेता येतात, जे मास्टोडॉनला जमत नाही.

कागदावर हे सगळं सरस आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य लोकांची अकाउंट ब्लूस्काय कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत आणि अकाउंटच्या नोंदीची मुख्य वहीही कंपनीनंच चालवली आहे. खिडक्या भरपूर, पण दरवाजाला माणूस एकच, अशी आजची गत. २०२५ मध्ये तुर्कस्तानच्या सरकारच्या मागणीवरून काही अकाउंट तिथल्या लोकांना अधिकृत ॲपमध्ये दिसेनाशी झाली. इतरांनी बनवलेल्या ॲपमधून मात्र ती दिसत राहिली. विकेंद्रित असणं म्हणजे काय आणि किती, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

ब्लूस्कायवर आणखी एक बाब नव्या माणसाला ठाऊक नसते. तिथं तुम्ही कुणाला ब्लॉक केलंय, कशाला लाइक केलंय, हे सगळं उघडं असतं. ॲपमध्ये सहज दिसत नसलं तरी शोधणाऱ्याला सापडतं. भावकीतल्या कुणाला गुपचूप ब्लॉक करण्याची ती जागा नव्हे.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीचं थ्रेड्स हे ट्विटरसारखं ॲप २०२३ मध्ये आलं आणि २०२४ पासून ते ॲक्टिव्हिटीपबशी थोडंथोडं जोडलं जातंय. चांगलं आहे, पण अकाउंट मेटाचंच. नॉस्टर नावाचा एक प्रकार दुसऱ्या टोकाचा. तिथं अकाउंट म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांबलचक गुप्त किल्ली, तीच तुमची ओळख, कुणाकडंही नोंदणी नाही. किल्ली हरवली की ओटीपी मागवून परत मिळवायची सोयही नाही. ज्यांचं सिम दर वर्षी हरवतं अशांनी तिकडं न गेलेलंच बरं.

आता पडद्याचा प्रश्न

मास्टोडॉनवर एका व्यक्तीला खासगी पोस्ट पाठवता येते. ती पडद्याआड असते असा समज आहे, पण सर्व्हरचा ॲडमिन ठरवलं तर ती वाचू शकतो, आणि समोरच्याच्या सर्व्हरचा ॲडमिनही. मजकुराला कुलूप नाही. म्हणजे कंपनीच्या नजरेतून सुटून तुम्ही एका ओळखीच्या माणसाच्या नजरेत येता. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला विचारा, यातलं जास्त अवघड काय. दूरच्या कंपनीला तुमच्या घरच्या कटकटीत रस नसतो, गावातल्या ॲडमिनला असू शकतो.

कुलूप म्हणजे एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन. तुमच्या फोनमध्ये मजकुराचा असा काला होतो की तो फक्त समोरच्याच्या फोनमध्येच पुन्हा वाचण्याजोगा होतो, आणि मधल्या सर्व्हरला नुसता काला दिसतो. व्हॉट्सॲपवर हे कुलूप एप्रिल २०१६ पासून सगळ्यांना आहे, आणि ते सिग्नलच्याच पद्धतीचं आहे. त्यामुळं ‘व्हॉट्सॲपवाले आपले मेसेज वाचतात’ हे जे ठासून सांगितलं जातं ते असं सरळ खरं नाही. फटी वेगळीकडं आहेत. गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप घ्या. त्याला कुलूप लावायची सोय व्हॉट्सॲपनं २०२१ मध्ये दिली, पण ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. ग्रुपचं तर बोलायलाच नको. अडीचशे जणांच्या ग्रुपमध्ये कुलूप असून काय उपयोग, त्यातला एक जण स्क्रीनशॉट काढणारा निघाला की झालं.

खरी गोष्ट मजकुराबाहेरची. एखाद्या शेतकऱ्याच्या फोनवरून महिनाअखेरीला पतसंस्थेच्या वसुलीवाल्याशी तीनदा बोलणं झालं. मग रात्री अकराला मेव्हण्याला मेसेज. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाराला, दुपारी पुन्हा वसुलीवाल्याला. यातला एक शब्दही मी वाचलेला नाही, पण घरातलं सोनं गहाण पडलंय हे तुम्हीही ओळखलं असेल. कोण, कुणाशी, केव्हा, किती वेळा, कुठून ही माहिती मजकुराइतकीच बोलकी असते, आणि एन्क्रिप्शन ती झाकत नाही. ती कंपनीच्या सर्व्हरवरून जातेच. त्यातली किती ठेवायची, कुणाला द्यायची, हे कंपनीचं धोरण ठरवतं, आणि धोरण बदलतं. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं ‘नव्या अटी मान्य करा’ म्हणून जो तगादा लावला होता, त्यात मेटाच्या इतर कंपन्यांशी माहिती वाटून घेण्याचा भाग होता. भारतीय स्पर्धा आयोगानं त्याबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला.

सिग्नल इथं वेगळं पडतं. ते नफ्यासाठी चालत नाही. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन यांनी फेसबुक सोडल्यावर २०१८ मध्ये ५ कोटी डॉलर घालून त्याची संस्था उभी केली. सिग्नलचा डाव साधा आहे: माहिती साठवायचीच नाही, म्हणजे मागितली तरी द्यायला काही नको. २०१६ मध्ये अमेरिकेत न्यायालयाच्या समन्सनं दोन नंबरांची माहिती मागितली. त्यातल्या एकाचंच अकाउंट होतं, आणि त्याबद्दल सिग्नलकडून दोनच गोष्टी मिळाल्या: अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. कुणाशी बोलणं झालं, ग्रुप कोणते, काही नाही. सुरू करायला मोबाइल नंबर लागतो, पण फेब्रुवारी २०२४ पासून तो समोरच्यापासून लपवून नुसत्या नावानं बोलता येतं. शिकवणीच्या ग्रुपमध्ये मुलींचे नंबर भलत्यांच्या हाती पडतात, त्यांच्यासाठी एवढी एक सोयही मोठी आहे.

पण सिग्नल विकेंद्रित नाही. सर्व्हर त्यांचाच, आणि तोही भाड्याच्या जागेत. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनची क्लाउड सेवा, म्हणजे सर्व्हर भाड्यानं देणारा धंदा, कोलमडली तेव्हा जगभरच्या अनेक ॲपबरोबर सिग्नलही काही तास आडवं झालं. उद्या सरकारनं बंद करायचं ठरवलं तर एका आदेशाचं काम आहे. दोन्ही प्रश्नांना एकत्र उत्तर द्यायचा प्रयत्न मॅट्रिक्स नावाची पद्धत करते. वेगवेगळे सर्व्हर, शिवाय मजकुराला कुलूप. फ्रान्सच्या सरकारनं कर्मचाऱ्यांसाठी ‘चॅप’ नावाचं ॲप त्यावरच बनवलंय. मात्र मॅट्रिक्सवर चालणारं एलिमेंट हे ॲप मे २०२३ मध्ये भारत सरकारनं अडवलेल्या १४ ॲपच्या यादीत होतं. जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांचा वापर, असं कारण सांगितलं गेलं.

त्याच यादीत ब्रायर होतं. ते ब्लूटूथ आणि वायफायवरून, इंटरनेट नसतानाही, फोनमधून फोनला निरोप देतं. मराठवाड्यात हे कशासाठी सांगायचं? २६ फेब्रुवारी २०२४ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत इंटरनेट बंद केलं गेलं होतं. असं नेट गेलं की मास्टोडॉन, ब्लूस्काय, सिग्नल, व्हॉट्सॲप सगळे एकाच ओळीत बसतात. विकेंद्रित सर्व्हर जर्मनीत जिवंत असतो, तुमच्या फोनला तिथवर जायला वाट नसते. अशा दिवशी साधा फोन आणि एसएमएस, तेही चालू ठेवले असतील तर.

देशी ॲप म्हणून २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झोहोचं ‘अरट्टै’ गाजलं. कंपनी तमिळनाडूची, सर्व्हर भारतात. त्या गाजावाजाच्या वेळी त्यात कॉलला कुलूप होतं, पण लिहिलेल्या मेसेजला नव्हतं. सर्व्हर कोणत्या देशात आहे हा एक मुद्दा झाला, मजकूर उघडा आहे का हा वेगळा. दोन्ही विचारावेत.

मग कुणी काय करावं

बचत गटाच्या बायकांनी, पीकविम्याच्या ग्रुपनं व्हॉट्सॲप सोडावं असं मी सांगणार नाही. सांगून कुणी सोडणारही नाही, आणि सोडून एकट्यानं सिग्नलवर बसण्यात अर्थ नाही. पण आधार, सातबारा, पासबुक यांचे फोटो ग्रुपमध्ये टाकणं थांबवावं. ते ज्याला पाहिजेत त्यालाच पाठवावेत आणि आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू ठेवावेत. नवरा-बायको, डॉक्टर-पेशंट, वकील-पक्षकार, पत्रकार आणि त्याला माहिती देणारा, अशा दोघांनीच मिळून सिग्नल टाकलं तरी काम होतं. तिथं अख्ख्या गावाची वाट बघावी लागत नाही. कुलुपाला दोनच माणसं लागतात.

तालुक्याच्या गावात फोनवर बातम्या चालवणारे, कविता लिहिणारे, शेतीचे व्हिडिओ करणारे यांचा प्रश्न मात्र पहिल्या पेपरातला. रील टाकायचं ते इन्स्टाग्रामवरच टाका, बघणारे तिथं आहेत. पण स्वतःच्या नावाचा एक वेब पत्ता घेऊन ठेवा. वर्षाला काही शे ते हजारभर रुपयांत मिळतो. मूळ मजकूर तिथं ठेवा आणि तो पत्ता प्रत्येक व्हिडिओखाली लिहा. वाटलं तर तोच पत्ता ब्लूस्कायला जोडा, मास्टोडॉनवर एक अकाउंट काढा. एवढ्यानं फॉलोअर वाढणार नाहीत, पण ॲप बंद पडलं तर तुम्हाला शोधायला लोकांकडं एक ठिकाण राहील.

आपली परवानगी आपल्यापुरतीच असते, हा समजही सोडावा लागेल. फेसबुकवरच्या एका ॲपमधून गोळा झालेली लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीला गेल्याचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं, तेव्हा फेसबुकनंच सांगितलं होतं की ते वादग्रस्त ॲप भारतात ३३५ जणांनी टाकलं होतं, आणि माहिती गेली असण्याची शक्यता साडेपाच लाखांवर भारतीयांची. ३३५ जणांनी ‘मान्य’ दाबलं, बाकीचे फक्त त्यांचे मित्र होते. म्हणून टॉर्च किंवा कुंडलीचं ॲप टाकताना ते कॉन्टॅक्ट मागत असेल तर देऊ नका. त्या यादीत तुमच्या बहिणीचा नंबरही आहे.

आज करण्याजोगं काम एकच सांगतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये आपली सगळी माहिती उतरवून घ्यायची सोय आहे. मागणी केली की काही वेळानं फाइल तयार झाल्याचा निरोप येतो. त्यात तुमच्या पोस्ट, फोटो, व्हिडिओ आणि फॉलो करणाऱ्यांची नावं असतात. फाइल मोठी असते, मोबाइल डेटावर उतरवू नका. गावात वायफाय नसेल तर पोराला पेन ड्राइव्ह देऊन तालुक्याच्या नेट कॅफेत धाडा, आणि निघताना लॉगआउट करायला सांगा.